उजव्या मडगार्डाचा पत्रा

१

विषय : जुन्या मोटारीच्या उजव्या पुढच्या मडगार्डासाठी योग्य पत्रा निवडण्याबाबत.

संदर्भ : १) मालकांची तोंडी सूचना. २) मिस्त्रीच्या धाकट्या भावाचा अपघाती मृत्यू, बावीस वर्षांपूर्वीचा; 'वाहनावर आघाताची खूण आढळून आली नाही' या शेऱ्यासह फाइल बंद.

वरील दोन संदर्भांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मिस्त्रीला पहिल्या दिवशी वाटलं नव्हतं. संदर्भांचं असंच असतं. कागदावर मांडीला मांडी लावून बसतात आणि ओळख दाखवत नाहीत.

मिस्त्री जुन्या मोटारींचं पत्र्याचं काम करी. इंजिनाला हात लावत नसे. इंजिन म्हणजे पोटाचे विकार, आपण कातडीचे डॉक्टर, असं म्हणे. ठोकणारे गल्लोगल्ली होते. मिस्त्रीची कीर्ती होती ती पत्रा निवडण्याबद्दल. सोयरीक जुळवावी तसा तो पत्रा जुळवी. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड आणि मवाळ असतो. त्याला आजचा पातळ, ताठ पत्रा जोडला की दोघांचं चार महिनेही पटत नाही, सांध्यावर चीर पडते. जस्ताचा पत्रा दिसायला गोरागोमटा, पण ज्योत लागली की पांढरा धूर ओकून डोकं उठवतो. म्हणून मिस्त्री आधी कोपरा अंगठ्याने वाकवून बघे. उसळी मारून परत आला तर तो उलट उत्तर देणारा पत्रा, ठेवून द्यायचा. वाकवला तिथेच गप राहिला तर तो आपला. मग बोटाच्या पेराने एकदाच ठोकायचं आणि कान द्यायचा. जुना पत्रा ज्या सुरात बोलतो त्याच सुरात नवा बोलला पाहिजे.

गाडी चेअरमनसाहेबांची होती. ते कशाचे चेअरमन होते हे कोणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण कुठेतरी एक खुर्ची होती आणि वर्षानुवर्षं ते तिच्यावर बसत होते, एवढं नक्की. गाडी सायीच्या रंगाची, गोल पाठीची, वजनदार.

"महिनाअखेरीला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे," चेअरमन म्हणाले. "उजव्या मडगार्डाला तेवढा गंज आलाय. बाकी गाडीला नखाचा ओरखडा नाही."

"गंजाला नख लागत नाही साहेब. तो आतून येतो."

"म्हणून तर तुमच्याकडे आणली. दुसऱ्याच्या हातात दिलीच नसती. तुमचं काम माहीत आहे मला."

मिस्त्री फुशारला. कारागिराला लाच द्यायची तर ती स्तुतीतच द्यावी. पकडली जात नाही.

चेअरमन गेल्यावर त्याने डाव्या मडगार्डावर पेर ठोकलं. टण्. खणखणीत. मग उजव्यावर ठोकलं.

टक्-टक्.

मिस्त्रीने आपल्या हाताकडे पाहिलं. एकदाच ठोकलं होतं. त्याने पुन्हा, अगदी जपून, एकदा ठोकलं. उत्तर दोनदा आलं. दुसरं जरासं उशिरा, कोणी ऐकून घेऊन मग बोलल्यासारखं.

बोल्ट ढिला असेल. पत्र्याचे पदर सुटले असतील. कानही साठीचा झाला होता. मिस्त्रीने बोल्ट आवळले, कान खाजवला आणि पुन्हा काही ठोकलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मडगार्ड सोडवून बाकावर उलटं टाकलं आणि आतला डांबरी थर खरवडायला घेतला. वळलेल्या काठाजवळ पातं अडखळलं. त्याने चिंधीने पुसलं.

तीन ठिपके. चुलीवरच्या भांड्याखाली तीन दगड मांडावेत तसे, पोगराने, खूण पाडायच्या टोकदार सळईने, मारलेले.

ही त्याची सही होती. प्रत्येक कामाच्या आतल्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तो हे तीन ठिपके मारी. चित्रकार समोर सही करतो, आपण मागे, एवढाच फरक, असं त्याला वाटे. अशा घडणीचं मडगार्ड त्याने जन्मात एकदाच हाताळलं होतं. उस्तादांकडे नोकरीला होता तेव्हा.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी एक ड्रायव्हर नुसतं मडगार्ड गोणपाटात गुंडाळून घेऊन आला होता. गाडी नाही, रंग नाही. रंग आधीच खरवडून लख्ख केलेला. "खांबाला घासलं. दुपारपर्यंत पाहिजे." कोणी आयतं खरवडून आणलं की पत्र्याचा कारागीर शंका घेत नाही, खूश होतो, निम्मं कंटाळवाणं काम वाचतं. पण पोचा बघून मिस्त्री म्हणाला होता, "उस्ताद, खांबाचा पोचा लांबट पडतो, धारदार. हा वाडग्यासारखा आहे. आणि मधोमध ही सरळ रेघ."

"आपण पत्रा वाचायचा," उस्ताद म्हणाले होते, "पंचनामा नाही."

मिस्त्रीने पोचा काढला. असा काढला की उस्तादांनी हात फिरवून डोळे मिटले. त्याने आतून तीन ठिपके मारले. ड्रायव्हर मडगार्ड घेऊन गेला आणि तासाभराने निरोप आला, की छापखान्यात खिळे जुळवायला सायकलवरून निघालेल्या धाकट्याला पहाटे वळणावर गाडीने उडवलं. पाहणाऱ्या दूधवाल्याने सांगितलं, सायीच्या रंगाची, गोल पाठीची गाडी. गावात तशा तीन होत्या. पोलिसांनी तिन्ही पाहिल्या. तिन्ही गुळगुळीत.

माहीत नसणं वेगळं आणि विचार न करणं वेगळं. मिस्त्रीने बावीस वर्षं दुसरं केलं होतं. वाडग्यासारखा पोचा आणि सायकलच्या दांड्याची रेघ त्याने डोक्यात दोन वेगळ्या खणांत ठेवली होती आणि दोन्ही किल्ल्या हरवल्या होत्या. आता ठिपक्यांवर बोट ठेवून तो उभा राहिला आणि दोन्ही खण आपसूक उघडले.

पहिला राग चेअरमनवर आला. हे माणसाच्या स्वभावाला धरूनच झालं. आपल्यावर यायचा राग शेजारच्या दारावर थाप मारून बघतो, आधी तिथे कोणी घरी आहे का.

३

गंजलेला भाग कापून टाकल्यावर मडगार्डात दीड वीत रुंदीचं भगदाड पडलं. मिस्त्री पत्र्याच्या दुकानात गेला. अठरा गेजचा, वीस गेजचा, भंगारातल्या गाडीच्या छपराचा, असे पंधरा तुकडे वाकवून झाले, ठोकून झाले.

"मिस्त्री, पत्रा पाहिजे की सून?" दुकानदार वैतागला.

"सुरात बसत नाही कोणी."

"मग पेटी बडवत बसा!"

दुकानदार चेष्टेने बोलला होता. मिस्त्री मात्र चटकन वळून घरी निघाला.

घर म्हणजे वर्कशॉपच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत तो, दुसरीत भावजय आणि तिचं शिवणयंत्र. माळ्यावर धाकट्याची पत्र्याची पेटी होती. जुन्या जाड पत्र्याची, मवाळ. धाकटा कशावरही पेराने टक्-टक् करी. दार असो, पेटी असो, कोणाचं टक्कल असो; दोनदा, दुसरं जरा उशिरा. लहानपणी मिस्त्रीने कापलेल्या पहिल्यावहिल्या पत्र्याने त्याच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच पडली होती. "दादाने पहिलं काम माझ्यावर केलं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला खाच दाखवून सांगे.

"ती पेटी मला पाहिजे," मिस्त्री म्हणाला.

यंत्र थांबलं. "कशाला?"

"खालची गाडी. तीच ती आहे."

भावजयीने दातात धरलेली टाचणी काढून टाचण्यांच्या गादीत खुपसली. बावीस वर्षांत ती मोठ्याने रडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणत, बाई सावरली. ती सावरली नव्हती. वाट बघत होती.

"कशावरून म्हणता, भाऊजी?"

"पत्र्यावरून कळतं. पूर्वी पोचा काढलाय तिथला."

"कोणी काढला?"

शिवणयंत्राच्या चाकाकडे बघत मिस्त्री म्हणाला, "कोणीतरी कसबी माणूस असणार."

"हात झडले असतील मेल्याचे," भावजय म्हणाली. "आणि नसतील तर झडतील. ज्याने उडवलं त्याला मी एकदा माफ करीन, घाईत होता म्हणून. ज्याने सावकाश बसून पुसलं त्याला नाही." मग ती उठली. "पेटी न्या. रिकामी मी करते."

तिने दोन सदरे, सायकलचा पंप आणि शाईने काळा झालेला रुमाल काढला, पेटीवर हात फिरवला. "लावा त्याच्या गाडीला. आयुष्यभर घेऊन हिंडू दे माझ्या नवऱ्याला. मिरवू दे प्रदर्शनात."

खाली येऊन मिस्त्रीने झाकणाचा कोपरा वाकवला. वाकला तिथेच राहिला. पेराने एकदा ठोकलं.

टक्-टक्.

सूर जुळला होता.

४

काम मात्र दृष्ट लागण्यासारखं झालं. सांधा कुठे आहे हे त्याचं त्यालाच सापडेना. सुडाच्या कामात हात थरथरतो असं म्हणतात; मिस्त्रीचा अजिबात थरथरला नाही. या खेपेला त्याने ठिपके मात्र मारले नाहीत. पोगर हातात घेतला, आणि खिशात ठेवला.

भर दुपारी तो हात धुवायला मोरीपर्यंत गेला. परत आला तेव्हा मडगार्डावर पोचा होता. वाडग्यासारखा. मधोमध सरळ रेघ.

मिस्त्रीने आधी दार बघितलं. आतून कडी होती. मग बाक बघितलं. मग स्वतःला समजावलं. जोडकामानंतर पत्रा निवताना आखडतो, कधी फुगतो, कधी खचतो. ठीक. पण निवणारा पत्रा सायकलच्या दांड्याची रेघ काढत नाही. शिवाय पेटी माळ्यावर बसून होती. तिला कधी कोणी धडकलं नव्हतं. ही आठवण तिची नव्हतीच.

त्याने पोचा काढला. पंधरा मिनिटं. चहाचा कप धुवायला वळला, पाठीमागे पत्रा हळूच बोलला. पोचा परत.

तिसऱ्यांदा त्याने काढला आणि डोळा न हलवता बघत बसला. बघत होता तोवर पत्रा गप होता. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पापणी मिटली, आणि तेवढ्यात.

'वाकवला तिथे गप राहील तो आपला,' हा त्याचा नियम. हा पत्रा गप राहत होता खरा. पण त्याला वाकवलं होतं ते मिस्त्रीने नव्हे.

५

चौथ्या खेपेला मिस्त्री हट्टाला पेटला.

पोचा काढताना डावा हात मडगार्डाच्या आत असतो. त्या हातात लोखंडी ठोकळा धरायचा, पत्र्याला आतून टेकू द्यायचा आणि उजव्या हाताने बाहेरून हातोडी मारायची. आतलं दिसत नाही. डावा हातच बघतो. बाहेरून जो खळगा असतो तो आतून उंचवटा होतो, आणि त्याचा आकार बोटांना कळल्याशिवाय हातोडी कुठे मारायची हे समजत नाही. चाळीस वर्षं मिस्त्रीचा डावा हात अंधारात बघायला शिकला होता.

त्याने ठोकळा बाजूला ठेवला आणि आधी नुसताच हात आत घातला.

उंचवटा वाडग्यासारखा नव्हता. वर रुंद, गुळगुळीत. त्याखाली आडवा कंगोरा. कंगोऱ्याखाली दोन खोलगट जागा, मधून उतरत आलेला बारीक दांडा. मिस्त्रीची बोटं सवयीने पुढे सरकत गेली, कारागिराची बोटं काम अर्धवट सोडत नाहीत. बाजूला एक पातळ, वळलेली पाळी. पाळीला खाच.

मिस्त्रीला हात मागे घ्यायचा होता. बोटं मात्र अजून खाली जात होती. दांड्याच्या खाली पत्रा ऊबदार होता. ज्योतीची ऊब असेल. सकाळची. इतका वेळ पत्रा ऊब धरत नाही, हे त्याला माहीत होतं, तरी असेल. मग बोटांना ओलसर वाफ लागली; थांबली; पुन्हा लागली.

त्याने हात ओढला. काठाला मनगट घासून रक्त आलं. वाकून आत बघणं एवढं सोपं होतं. कंदील घ्यायचा, मान खाली करायची. मिस्त्रीने ते केलं नाही. बावीस वर्षं ज्याच्याकडे बघितलं नव्हतं त्याच्याकडे आताच बघण्याचं बळ कुठून आणणार?

आतून पत्र्यावर पेर वाजलं. दोनदा.

६

दुसऱ्या दिवशी भावजय दुपारचा डबा घेऊन खाली आली तेव्हाच चेअरमन गाडी बघायला आले. मिस्त्रीने मडगार्डावर चादर टाकली होती. बाकावर बसून तो तिच्याकडे पाठ करून होता.

"झालं का?" म्हणत चेअरमननी स्वतःच चादर उचलली.

चादर त्यांच्या हातातच राहिली.

"हे पुन्हा कसं आलं?" चेअरमन म्हणाले.

"पुन्हा म्हणजे, साहेब?" भावजयीने विचारलं. आवाज अगदी साधा होता, मापं घेताना असतो तसा.

चेअरमननी तिच्याकडे बघितलंही नाही. डबा आणणाऱ्या बाईकडे कोण बघतं. ते मिस्त्रीवर सरकले. "अहो, तुम्हीच काढला होता ना तेव्हा? तुमचे ते तीन ठिपके ड्रायव्हरने दाखवले होते मला. एका शब्दाने काही विचारलं नाहीत. म्हटलं, माणूस असावा तर असा. म्हणून तर शोधून तुमच्याकडे आणली!"

मिस्त्रीला तेव्हा कळलं, की पत्रा निवडणारा तो एकटाच नव्हता. चेअरमननीही निवड केली होती. कोपरा वाकवून बघितला होता. वाकवला तिथे गप राहिला, म्हणून घेतला.

भावजय मडगार्डाजवळ गेली. खळग्याच्या तळाशी, बाहेरच्या अंगाला, जिथे कोणताही कारागीर कधी सही करणार नाही अशा जागी, तीन ठिपके उमटले होते. मिस्त्रीने शपथेवर सांगितलं असतं की सकाळी ते नव्हते. पण त्याला शपथ कोणी घातली नाही.

"कसबी माणूस," भावजय म्हणाली.

"अगं, मला माहीत नव्हतं. नुसतं मडगार्ड आलं होतं. खांबाला घासलं, म्हणाले. रंगसुद्धा..."

"खांबाचा पोचा असा असतो, भाऊजी?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. खोटं बोलायला हरकत नव्हती. पण मागे पत्रा ऐकत होता.

"नाही," तो म्हणाला.

"दुसरा पत्रा लावा," चेअरमन ओरडले. "लांबी-पुट्टी भरा, रंग फासा, काय वाटेल ते करा, पण हे..." बोलता बोलता त्यांचा तळवा मडगार्डावर पडला. काय लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी हात इतका हळू उचलला, की कोणी तो आतून धरला होता आणि आता सोडला, असं वाटलं.

टक्-टक्.

भावजयीने मडगार्डाच्या काठावर पेराने उत्तर दिलं. दोनदा, दुसरं जरा उशिरा. नवरा घरी आल्यावर कडी काढायच्या आधी ती असंच करीत असे. मग पदराने हात पुसले आणि म्हणाली, "याला आता कोणी हात लावायचा नाही. कागद आहे का घरात? रेघांचा चालेल."

७

भावजयीने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. विषय : बंद प्रकरणाचा फेरतपास होण्याबाबत. दोषी म्हणून दोन इसमांची नावं दिली आहेत. एक गाडीमालक, दुसरा अर्जदाराचा थोरला दीर. दुसऱ्याचं नाव आधी आहे. सोबत जोडलेल्या वस्तू : मडगार्ड, उजवं, नग एक.

पोलीस ठाण्यातल्या बाईंनी अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. पूर्वीच्या फाइलवर 'खूण आढळून आली नाही' असा शेरा असल्याने आता आढळलेल्या खुणेची खोली मोजून नोंदवणं आवश्यक ठरलं. पहिल्या मोजणीत ती अकरा सेंटिमीटर भरली. खातरजमेसाठी दुसऱ्या दिवशी मोजली, साडेतेरा भरली. मोजणाऱ्याला समज देण्यात आली. तिसऱ्या मोजणीच्या वेळी त्याने पट्टी आत सोडली आणि बाहेर काढली नाही. सध्या तो रजेवर आहे. दोन मोजमापं जुळत नाहीत तोपर्यंत रकाना भरता येत नाही, आणि रकाना भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. मडगार्ड वस्तूंच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं आहे. ते तसं कोणी ठेवलं याची नोंद नाही.

चेअरमनांचा जबाब झाला. जबाब त्यांनी उभ्याने दिला. हल्ली ते बसत नाहीत. बसलं की पाठीमागून कोणीतरी ठोकतं, अशी त्यांची तक्रार आहे. खुर्ची लाकडी देऊन बघितली, उपयोग झाला नाही. चेअरमनपद गेलं. इतकी वर्षं ते कशाचे होते, हे त्या निमित्ताने चार लोकांना कळलं.

मिस्त्रीने आपला जबाब आपणहून दिला, काही न गाळता. वर्कशॉप बंद आहे. डाव्या हाताच्या बोटांना ऊब लागलेली जात नाही. तो हात तो गार पाण्याच्या बादलीत ठेवून बसतो. भावजय त्याच्याशी बोलत नाही. डबा मात्र रोज दुपारी आणते. पेटीचा पत्रा उरला होता, त्याचं तिने डब्याला झाकण करून घेतलं आहे, दुसऱ्या कारागिराकडून. डबा बाकावर ठेवते, झाकणावर पेर वाजवते आणि वर जाते. ती एकदाच वाजवते. मिस्त्रीने मोजलं आहे.

मग तो झाकण काढायच्या आधी थांबतो. दुसरा आवाज येईपर्यंत.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.